माटोळीतली वीस मूलद्रव्यं

रसायनशास्त्र शिकवता शिकवता मला जगाला शिस्त लावायची खोड लागली आहे. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी ती मला चांगलीच भोवली.

लाटंबार्शाच्या आमच्या घरी माटोळी बांधायची ती सासऱ्यांनीच, म्हणजे दादांनीच. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट, आणि तिला लटकणारे नारळ, सुपाऱ्यांचे घोस, लिंबाच्या जातीचं मोठं तोरंजन, कांगलां नावाची रानफळं. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला, उजवा हात थरथरू लागला, आणि चतुर्थी जवळ आली तशी मी जाहीर करून टाकलं, "यंदा दादांनी स्टुलावर चढायचं नाही. पडतील." नवरा आणि दीर माना डोलावून मोकळे झाले. दादा दारापुढच्या बाल्कांवात, तिथल्या ओट्यावर जाऊन बसले आणि चार दिवस माझ्याशी चहापुरतंच बोलले. मला वाईट वाटत होतं, पण माझंच बरोबर आहे याची खात्रीही होती.

त्याच आठवड्यात डिचोलीला आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मूलद्रव्यांची सारणी पुस्तकात आहे तशीच असते, जणू देवानेच ती चौकोनात घालून पाठवली, असा नववीच्या मुलांचा ठाम समज. मी फळ्यावर शंखासारखी गोल फिरत जाणारी सारणी काढली, पायऱ्यांसारखी काढली, लोकांनी अशा कितीतरी मांडण्या केल्यात म्हणून सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग मला एक युक्ती सुचली. पहिल्या वीस मूलद्रव्यांसाठी वीस करवंट्या घ्यायच्या, आणि प्रत्येकीत अणुभाराच्या दहापट ग्रॅम इथल्या लोखंडाच्या खाणीची लाल माती भरायची. हायड्रोजनला जेमतेम दहा ग्रॅम, कॅल्शियमला चारशे. टांगायला माटोळीची चौकट. ती मागितली तर दादा म्हणाले, "ती माझ्याबगर खंय वचची ना," आणि गाडीत माझ्याआधी जाऊन बसले.

प्रयोगशाळेत चौकट छताला टांगून मुलांनी पुस्तकातल्या ओळी तशाच्या तशा बांधल्या. हायड्रोजनची ओळ एका कडेला, पोटॅशियम-कॅल्शियमची दुसऱ्या. शेवटची गाठ मारून हात सोडले मात्र, चौकट एका अंगाला अशी झुकली की सल्फरची अख्खी करवंटी एका मुलीच्या वेणीवर रिकामी झाली.

चार दिवसांत दादा पहिल्यांदा हसले. "अशी माटोळी बांदल्यार गणपती उठून वतलो!"

त्यांनी सगळं सोडायला लावलं, चौकट खाली दोन बाकांवर ठेववली आणि खुर्ची ओढून पुढ्यात बसले. "हलकें मदीं, जड दोरयेकडेन," हलकं मध्ये आणि जड कडेच्या दोऱ्यांजवळ, एवढंच त्यांचं शास्त्र. हायड्रोजन आणि हीलियम मध्यभागी गेले. मधून बाहेर जाणाऱ्या पट्ट्या आठ. लिथियमपासून निऑनपर्यंत आठ करवंट्या त्यांवर एकेक करून बसल्या, आणि सोडियमची पाळी आली तेव्हा दादा फिरून लिथियमच्याच पट्टीवर पोचले होते. हात थरथरत होता, गाठ बसायला वेळ लागत होता, पण बसत होती. मी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. तिसऱ्या फेरीला पोटॅशियम सोडियमच्या बाहेर लागला आणि वेणीत माती असलेली मुलगी ओरडली, "टीचर, एका जातीचे सगळे एका पट्टीर आयले!"

माझी फळ्यावरची शंखाची सारणी! मी तास खर्ची घालून जे डोक्यात उतरवू शकले नाही, ते दादांनी नुसता तोल सांभाळताना करून दाखवलं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

चौकट वर ओढली तर पोटॅशियम-कॅल्शियमची बाजू जराशी खाली. "लोखंड खंय?" दादांनी विचारलं.

"ते सव्विसावं, दादा. आम्ही विसावर थांबलो."

"डिचोलेंत बसून लोखंड ना?" त्यांनी चौकट परत उतरवली आणि खिडकीत ठेवलेला लोहखनिजाचा खडा समोरच्या कडेला बांधला. मी म्हटलं, ती लोखंडाची जागा नव्हे. "तुज्या पुस्तकांत नासूं. हांगा तें तोलाक जाय." तोलाला हवं म्हणून ते तिथेच राहिलं. मग चौकट वर चढली, त्यांनी एका मुलीला पट्टीवर लिंबू ठेवायला सांगितलं, आणि ते घरंगळलं नाही. प्रदर्शनात आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना लोखंड खटकलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दीर स्टूल घेऊन आला. चौकट नेहमीसारखी छताला टांगलेली होती. दादांनी त्याला दोऱ्या सैल करायला सांगितलं आणि ती गुडघ्याएवढी खाली येईपर्यंत थांबू दिलं नाही. मग खुर्ची घेऊन बसले. इतकी वर्षं ती वर टांगूनच का बांधली, हे घरात कुणालाच सांगता येईना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आतां सांग गो बाये, हांव पडतलों खंयसून?"

खुर्चीत बसलेला माणूस पडणार तरी कुठून! मी खाली बसले आणि कांगलांचे घोस एकेक करून त्यांच्या हातात देत राहिले.