समुद्र नसलेलं इंजिन

इंजिनाच्या तापमानाचा काटा अठ्ठ्याण्णववर होता. शंभरला जनरेटर आपोआप बंद पडणार होता. वाडीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सकाळपासून वीज नव्हती. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत काटोलची संत्री.

"तू जहाजावरचा चीफ इंजिनिअर गा, तुले काय कठीण?" मालक वानखेडे म्हणाला. हा माझा शाळेपासूनचा मित्र. इंजिनही जहाजाचंच, भंगारात निघालेल्या बोटीवरून आणलेलं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच कुणाला माझी गरज पडली होती. मी छाती फुगवूनच आत गेलो.

जनरेटर चालवणाऱ्या मेश्रामताई पुढे आल्या. "सर, मले वाटते, समोरच्या जाळीत..."

"थांबा ताई," मी म्हणालो आणि व्याख्यान सुरू केलं. सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्याला आम्ही जॅकेट वॉटर म्हणतो. ते ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर हवं. फार तापलं तर पिस्टन जाम होतो, फार थंड झालं तर सिलिंडर आतून गंजतो. ताई मान हलवत राहिल्या.

इंजिन बंद करून निवू दिलं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून पाहिला. ठीक होता. मग पाण्याचा पंप खोलला. तोही ठीक. यात दोन तास गेले. संत्र्यांची खोली पाच अंशांवरून अकरावर आली. वानखेडेचं 'गा' बंद झालं होतं.

"इंजिनिअर साहेब, अजून किती वेळ?"

"हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडावं लागेल," मी घाम पुसत म्हणालो.

"सर, आता बोलू काय?" मेश्रामताई म्हणाल्या. "रेडिएटरच्या जाळीत कापूस बसला हाये. बाजूचं गोदाम कापसाचंच हाये ना."

जहाजावर हे जॅकेट वॉटर समुद्राच्या पाण्याने थंड करतात. इथे ते काम पंख्याची हवा करते. बावीस वर्षं समुद्राच्या भरवशावर काढलेल्या माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. जाळीवर गादी भरता येईल एवढा कापूस होता.

"मंग पहिलेच काहून नाही सांगितलं?" वानखेडे ओरडला.

"सांगूनच राहिली होती मी. सर थांबा म्हणाले."

ठीकठाक पंप परत बसवायला मला पाऊण तास लागला. तेवढ्यात ताईंनी बॅटरीवरच्या ब्लोअरने जाळी साफ केली. इंजिन सुरू झालं, काटा त्र्याऐंशीवर थांबला. संत्री वाचली.

आता कुठेही बोलावलं की मी आधी मशीन चालवणाऱ्याला विचारतो. उत्तर पूर्ण ऐकून घेणं मात्र अजून जमत नाही.