सतरंजीवरचा रिकामा पट्टा

दक्षिण आफ्रिकेतला तो काळा नेता तुरुंगातून सुटला, त्या वर्षी नारायणगावाजवळच्या एका गावात मी त्याच्यावर भाषण ठोकलं. आवाज असा लावला होता, जणू सत्तावीस वर्षं मीच आत होतो.

"गोऱ्यांची बाकं वेगळी, काळ्यांची वेगळी!"

टाळ्या पडल्या. तेव्हा दिसलं, एकीकडे गाव, दुसरीकडे दलित वस्ती, आणि मधे सतरंजीचा हातभर पट्टा रिकामा. कुणी आखला नव्हता, तरी रांगणारं पोरसुद्धा तिथून मागं वळत होतं.

"जवळ सरका की!" मी म्हणालो. कुणी हललं नाही.

वस्तीतले एक म्हातारबा हसले. "गुरुजी, तुमीच या की आमच्यात बसायला."

मी रुबाबात व्यासपीठावरून उतरलो. पट्ट्यात पाऊल टाकलं आणि पुढचं उचलेचना. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. उरलेलं भाषण मी तिथंच उभ्यानं उरकलं.