आडवी बाटली

माझी आई दारूबंदीची पत्रकं काढायची. घड्या घालणं आणि शुद्धलेखन तपासणं माझ्याकडे. गावातलं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा चिठ्ठीवर दोन चित्रं होती: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का पडला की दुकानाला टाळं. ‘बाटली आडवी करा’ हे मी सातवीत असताना अर्ध्या गावाच्या भिंतींवर रंगवलं होतं.

पुढे हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि पुण्याच्या एका बड्या हॉटेलात सोमेलिए झाले. म्हणजे पाहुण्यानं कोणती वाइन प्यावी हे सांगणारी बाई. पहिल्या दिवशी तळघरात नेलं, तर शेकडो बाटल्या आडव्या! बूच ओलं राहावं म्हणून. आईची चळवळ इतक्या वर पोचली असेल, असं वाटलं नव्हतं.

चार वर्षं मी अलंकारिक बोलले. ‘हिच्यात पावसानं भिजलेल्या चामड्याचा गंध आहे,’ असं म्हटलं की कधीही जोडे न शिवलेली माणसं डोळे मिटून मान डोलवायची. तिसऱ्या पेल्यानंतर एका साहेबांनी मला समजावलं, “खेड्यात लोक दारू पितात, वाइन कुठे पितात? संस्कृतीच नाही.” तोवर त्यांचा टाय सूपमध्ये पोहत होता.

मी नोकरी सोडली. नाशिककडे दुसऱ्याच्या वायनरीत टाक्या धुतल्या, रस आंबवायला शिकले आणि जांभळाची वाइन करायची ठरवून बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले. जागा आमच्याच शेतात. फक्त ग्रामसभेचा होकार हवा होता.

आदल्या दिवशी सरपंच काका म्हणाले, “फळप्रक्रिया उद्योग म्हण न वं. कोन इचारते?”

दुसऱ्या दिवशी सभेत विचारणारी समोरच बसली होती, पंचवीस बायका घेऊन.

“मले एकच सांग,” आई म्हणाली, “थे दारू हाये का नाही?”

“वाइन म्हंजे औषधच असते, मावशी,” मागून एक जण म्हणाला.

“तू गप रे. तुह्या औषधापायी तुही बायको माहेरी हाये.”

सभा खदखदून हसली. ‘फळप्रक्रिया’ हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. पण साहेबांच्या टेबलावर वाइन आणि मजुराच्या हातात दारू, हा खोटेपणा मी चार वर्षं ट्रेमधून वाढला होता. गावात तोच पुन्हा वाढायचा?

“हाये,” मी म्हटलं. “दारूच हाये.”

विरोधात पहिला हात आईचा वर गेला. ठराव पडला. काकांनी कपाळाला हात लावला.

आता मी दुसऱ्या तालुक्यात, औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या शेडमध्ये बसते. परवाना रीतसर आहे. लेबलवर ‘जांभळाची दारू’ असं छापायचं म्हटलं, तर वितरकाचा चेहरा उतरला. “मॅडम, दारू कोण विकत घेईल?” असं त्यानं खरोखर विचारलं.

आई शेडमध्ये पाऊल टाकत नाही. लेबलचा नमुना मात्र तिनं मागवून घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला.

“आरोग्याचा इशारा काऊन इतका बारीक छापला वं? मोठा कर.”

मी मोठा केला. जांभळाच्या चित्राला आता कोपऱ्यात कशीबशी जागा उरली आहे.