उपदेशाची दृष्ट

देवाच्या कामात आमच्या समोरच्या आत्यानं जेवढी ढवळाढवळ केली तेवढी प्रत्यक्ष सैतानालाही जमली नसती, असं माझी आई म्हणायची. मी आईचीच मुलगी, त्यामुळे इतकी वर्षं लोटली तरी माझंही मत तेच आहे. ती काही आमची सख्खी आत्या नव्हे. वडील मिशनचे पाळक, आई नर्स. दोघं आम्हा भावंडांना घेऊन जिंतूरकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहायला आले, तेव्हा समोरच्या शेतकऱ्याच्या घरातली ही बाई पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेली, "मला भाऊ न्हाई. आजपासून ह्ये माजे भाऊ." वडिलांना विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हती. एसटी फाट्यावर सोडून देणार आणि पुढे सागाच्या रानातून पायी यायचं, अशा गावात आयती बहीण मिळाली म्हणून वडील खूश झाले. आईला मात्र नणंद मिळाली.

दार वाजवणं तिला ठाऊक नव्हतं. आई औषधांची पेटी उघडून बसली, की ही खिडकीतून डोकावून विचारायची, "वयनी, आज बी वरणच का?" आईनं दिलेल्या गोळ्या ती आधी मारुतीच्या पायाला लावून आणायची आणि गुण आला की श्रेय मारुतीला द्यायची. रविवारी उपासनेला निघालो, की आडवी येऊन आम्हा पोरांच्या गालाला काजळाची तीट लावायची. आई ती पदरानं पुसायची, ही चर्चच्या दारात पुन्हा लावायची, आणि या पुसापुशीत आम्ही कोळशाच्या पोत्यातून निघाल्यासारखे दिसायचो. चर्च म्हणजे आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची खोली. आत गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं बसायची, म्हणून आत्या बाहेर लिंबाखाली बसायची. पण आवाज सगळ्यांत मोठा तिचाच. वडिलांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला, नव्व्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ एकाच्या शोधात निघाला, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "ह्या रानात? आन् बाकीची लांडग्यानं न्यायची का? असला राखुळ्या आमी एक दिस ठिवला नसता, भाऊ!" मंडळी हसली आणि वडिलांना उपदेश तिथेच गुंडाळावा लागला.

पण आईचा खरा संताप होता तो दृष्टीवर. उपदेश चांगला झाला असं आत्याला वाटलं, की ती घरून मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या आणि निखाऱ्यांची शेगडी घेऊन यायची. वडिलांना लिंबाखाली स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसवायची, मिटलेल्या मुठी डोक्यापासून पायापर्यंत उतरवायची आणि सगळं निखाऱ्यांवर टाकायची. मिरच्यांचा ठसका उठला नाही म्हणजे दृष्ट जबर लागली होती, असं मानायचं. इथे अख्खी मंडळी खोकून खोकून लाल व्हायची, आणि ही डोळ्यांतलं पाणी पुसत जाहीर करायची, "बगा, ठसका म्हून न्हाई! लय लागली व्हती माज्या भावाला!"

आई घरी येऊन भांडी आदळायची. "पाळक आहात तुम्ही! सांगत का नाही तिला?" वडील "सांगतो, सांगतो" म्हणायचे. सांगणार कसे? उपदेश फसला तर आत्या पदर झटकून सरळ घरी निघून जायची आणि त्या दुपारी वडिलांना जेवण जायचं नाही. शनिवारी तयारी करताना ते हळूच मला विचारायचे, "हे तिला आवडेल का गं?" धर्मशास्त्र शिकलेला माणूस आणि त्याची परीक्षा घेणार मिरच्या! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याहून राग चहाचा. इतक्या वर्षांत तिनं आमच्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही. आई रोज कप पुढे करायची, ती रोज "आत्ताच पिऊन आले" म्हणायची. एकदा आईनं तोंडावर विचारलं, "भावाची दृष्ट काढलेली चालते, भावाच्या घरचा चहा चालत नाही?" आत्यानं पहिल्यांदाच आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मला चालतंय, वयनी. घरच्यायला चालंना." आईनं तो कप तिच्यासमोर अंगणात ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा कप पुढे केला.

मग मिशनचे मोठे साहेब यायचे ठरले. या गावात पाळक ठेवायचा की हलवायचा, हे तेच ठरवणार होते, आणि वडिलांना इथून हलायचं नव्हतं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. भिंतीभिंतीवर घोषणा, एसटी कधी चालू तर कधी बंद, त्यामुळे त्यांचं येणं लांबत गेलं. शेवटी ते जीपनं आले. आदल्या दिवशी आईनं आत्याला हात जोडले, "उद्या एक दिवस येऊ नका." "न्हाई येत," आत्या म्हणाली. त्या रविवारी वडील असे बोलले, की साहेबांनीही चष्मा काढून पुसला. उपासना संपली आणि दारात आत्या, हातात शेगडी. "म्या येणार न्हवते, वयनी. पर घरात ऐकू यायलंय. एवढं चांगलं बोलल्यावर कसं सोडू?" तिनं साहेबांनाही सोडलं नाही. "तुमी बी लांबून आलाव, बसा." साहेब खोकत खोकत जीपकडे गेले. महिन्याभरात वडिलांची परभणीला बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, आणि आईनं विचारलंही नाही.

निघायच्या दिवशी आत्या तिच्या घरचा चहा किटलीतून घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी तो घेतला, आईनंसुद्धा. आमच्या घरचा तिनं अखेरपर्यंत घेतला नाही, आणि त्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. फाट्यापर्यंत मात्र आमचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली आणि "माज्या भावाला खिडकीपाशी बशीव" म्हणून कंडक्टरला दम देऊन गेली.

परभणीचं चर्च मोठं, पक्कं. उपदेश कसाही झाला तरी लोक हात मिळवून "छान झालं, पाळकसाहेब" म्हणायचे. वडिलांना मात्र घरी आल्यावर जेवण जायचं नाही. एका रविवारी ते पुन्हा त्या मेंढराच्या दाखल्यावर बोलले. या वेळी मागे राहिलेल्या नव्व्याण्णवांवर, रानात मेंढपाळाची वाट पाहत ती कशी राहिली असतील त्यावर. आई मान खाली घालून ऐकत होती. घरी आल्यावर तिनं दार लावलं, खिडक्या लावल्या आणि स्वयंपाकघरात डबे वाजायला लागले. मुठी मिटून ती बाहेर आली तेव्हा चेहरा रागानं लाल होता. "एक अक्षर बोलायचं नाही कुणी," ती म्हणाली.

वडिलांनी उठून स्टूल तेवढं पूर्वेकडे फिरवलं. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या, बंद घरात धूर कोंडला, आम्ही सगळे खोकून बेजार झालो.

"ठसका म्हणून नाही," आई डोळे पुसत म्हणाली.