थांबायला लागणारा वेळ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी डोशाचं पीठ हलवत होते. "शकू, हे गेले गं..." एवढंच बोलली. हे म्हणजे माझा दादा, म्हैसूरच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून रिटायर झालेला. पलीकडच्या खोलीत आई जप करत बसलेली. तिला आता कोण सांगणार? या वयात झेपेल का तिला? मी हातात पळी घेऊन स्वयंपाकघरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले.

आमच्या घरात वाईट बातमी सांगायचं खातं दादाकडे. मी एक घाव दोन तुकडे करणारी, तो आडवळणाचा. दहावीला मी गणितात नापास झाले, तर स्कूटरवर मागे बसवून मला पार येलवालपर्यंत घेऊन गेला. वाटेत चहा पाजला, उसाचा रस पाजला, कुणाकुणाची शेतं दाखवली... शेवटी मी ओरडले, "अय्यो, फेल झाले ना? मग सांग की सरळ! सुम्मने, उगीच कशाला फिरवतोस?" तर म्हणतो कसा, "धक्का तेवढाच असतो गं शकू. थांबायला वेळ मिळाला की कमी लागतो."

हे त्याचं वर्गातलं लाडकं प्रकरण. नवा नवा शिकवायला लागला तेव्हा प्रयोगाची तालीम आमच्याच अंगणात झाली. आईची धुतलेली चादर मी आणि वहिनीने दोन बाजूंनी धरायची, आणि हा लांबून अंडं फेकणार. मी आपली खेचून ताठ धरली. अंडं फच्चकन फुटलं, चादर पिवळी, आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. दादा ओरडला, "घट्ट नको गं बाई, सैल धर!" मग तेवढ्याच जोराने फेकलेलं दुसरं अंडं चादरीत रुतलं आणि खालच्या झोळीत घरंगळलं... अख्खं! "बघ, मोमेंटम दोन्ही वेळी तेवढाच. सैल चादर त्याला हळूहळू थांबवते, म्हणून मार कमी बसतो." मला ते पटलं, पण धीर धरणं काही जमलं नाही.

त्या सकाळी मात्र मी त्याचीच रीत धरली. आईजवळ बसून म्हटलं, "दादाला जरा बरं नाही." मग म्हटलं, "दवाखान्यात नेलंय." मग, "डॉक्टर म्हणतात, अवघड आहे..."

आईने माळ खाली ठेवली. "बिडु, सोड आता, किती ओढशील? गेला ना?"

मी मान हलवली. ती रडली, पण कोसळली नाही. पदराने डोळे पुसत म्हणाली, "दर रविवारी यायचा ना, तू मार्केटला गेलीस की माझ्यापाशी बसून थोडं थोडं सांगायचा. आधी म्हणाला, गाठ आहे. मग म्हणाला, पसरलीय. मागच्या खेपेला नुसता मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला."

"आणि मला?" मी ओरडलेच. "मला का नाही सांगितलं?"

"दर वेळी म्हणायचा, शकूला पुढच्या रविवारी सांगतो."

महिना होत आला, राग जात नाही. घरात कुठेच बसवत नाही. साऱ्या जगाला सांभाळून घेणारा हा माणूस, माझ्या वाट्याला मात्र सगळं एकदम ठेवून गेला. मला इतकं भ्यायचास का रे?

रविवारी मी आता मार्केटला जात नाही. आईजवळ बसते. तो तिला काय काय बोलला, त्यातलं ती थोडं सांगते आणि थांबते. मला पुढचं सगळं आत्ताच हवं असतं... पण मी विचारत नाही.