येतां म्हणायचं आणि थांबायचं

माझा नवरा रुद्रेश हा टोकं जुळवणारा माणूस आहे. हे मी म्हणत नाही, तोच सांगतो, आणि विचारलं नाही तरी सांगतो. पेडण्यात प्रमोदच्या केबल-इंटरनेटच्या ऑफिसात तो कामाला आहे. बाहेरून येणारी एक लाइन धरायची, कुणाच्या तरी घरातल्या यंत्राकडे जाणारी दुसरी धरायची, दोघींची जोडी लावायची आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे पोचवत राहायचं, असा एक प्रोग्रॅम त्याने लिहिलाय. त्याला पोर्ट फॉरवर्डर म्हणतात. आमच्या गावात, धारगळात, मात्र त्याला नेटवाला म्हणतात आणि नेट गेलं की त्याच्या नावाने ओरडतात. सोयरिकी जुळवणाऱ्याला निदान जेवायला तरी बोलावतात.

मी डिचोलीची. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, मुलगा शांत आहे. शांत म्हणजे काय ते मला इथे आल्यावर कळलं. रुद्रेशचं बोलून झालं की बोलणं झालं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असो, तोंडात असो, हा "समजलां" म्हणतो आणि कानांवर हेडफोन चढवतो. सकाळी ऑफिसला निघताना "येतां" म्हणतो, पण ते शब्द आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा स्कूटर पाववाल्या पोदेराच्या सायकलीला मागे टाकून वळणावर गेलेली असते. उत्तर कुणी कुणाला द्यायचं? उडालेल्या धुळीला?

आमच्याकडे निघणारा "येतां" म्हणतो, आणि घरातल्या मोठ्या माणसाने "यो", म्हणजे ये, असं म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही. शिवाय खरी गोष्ट नेहमी निघतानाच निघते. पाहुणा दुपारभर बसून पावसापाण्याचं, आंब्याफणसाचं बोलेल; पोरीचं लग्न ठरल्याचं मात्र उंबरठ्यावर चपला घालताना सांगेल. निघताना जो थांबत नाही त्याला काहीच कळत नाही. रुद्रेशला आमच्या घरातलं निम्मं अजून माहीत नाही ते त्यामुळेच.

तर त्याचा प्रोग्रॅम. पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यात एक गंमत होती. एका बाजूचा माणूस निघून गेला तरी दुसऱ्या बाजूचं टोक प्रोग्रॅम धरूनच ठेवायचा. अशी नवऱ्याने टाकलेली टोकं साठत साठत ऑफिसातलं मशीन भरलं आणि बंद पडलं. प्रमोदने त्याला चार माणसांत झाडलं. रुद्रेशने मनाला लावून घेतलं आणि नवा नियम घातला: जोडीतलं एक टोक संपलं की दुसरंही त्याच क्षणी तोडायचं. म्हणजे देशात कधीच बंद झालेली सतीची चाल आमच्या नवऱ्याने पेडण्यात पुन्हा सुरू केली. मशीन हलकं झालं, प्रमोदने चहा पाजला आणि रुद्रेश महिनाभर छाती काढून हिंडला.

याच प्रोग्रॅमवर त्याने आईंसाठी एक पेटी जोडली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, यशोदा. त्यांचा थोरला मुलगा गोपाळ आधी वास्कोला बार्जवर होता, मग आईंचं न ऐकता परदेशी जहाजावर गेला. त्या जहाजावर व्हॉट्सअॅप चालत नाही, आणि आईंचं बोट मोबाइलवर चालत नाही. फोन बिघडवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नाही. तेव्हा रुद्रेशने जनेलाजवळ, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, पेटी ठोकली. बोलायला एक बटण, एक हिरवा दिवा. दिवा लागला की गोपाळ आला. त्याचा आवाज उपग्रहावरून फिरून येतो, म्हणून एकाचं वाक्य झाल्यावर दुसऱ्याचं यायला अंमळ वेळ लागतो. दर रविवारी आई पदर सावरून कदेलावर बसत, जसं काही दिव्याला दिसतंय.

बोलणं काय? जेवलास? जेवलो. कितें जेवलास? भात. मग गोपाळ म्हणायचा, "येतां गे आये," आणि आपलं बोलणं संपवायचं बटण दाबायचा. दिवा विझायचा. आई त्या विझलेल्या पेटीकडे बघून म्हणायच्या, "यो पुता. चवथीक यो. माटोळी तुज्याच हातान बांदूंक जाय." गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधणं हे थोरल्याचं काम. मग आई उठून भांड्यांत जायच्या. भांडी जरा जास्तच वाजायची.

मी ते दर रविवारी ऐकत होते. मला वाटायचं, गोपाळभावजींना घाई असते. रुद्रेशच्याच रक्ताचे ते. आईंनाही तेच वाटत होतं, फक्त त्यांना ते खुपत होतं. पण विचारायचं कुणी? या घरात माणसं उपाशी राहतील, पण "तू असं का केलंस" म्हणून विचारणार नाहीत.

श्रावण लागला आणि माझ्या फोनवर भावजींची मेल आली. जहाजावरची मुदत चवथीच्या पुढे वाढवून घेतलीय, म्हणाले. खाली एक ओळ होती: "आईचा राग गेला नाही. येतां म्हटलं की गप्प बसते, यो म्हणत नाही. मग यायचं कुणासाठी?"

मी ती ओळ रुद्रेशला वाचून दाखवली. तो म्हणाला, "लॉजिक बरोबर आसा."

"लॉजिकाक घाल चुलीत," मी म्हटलं. "आयतवारी आयेकडेन उबो राव."

पेटी ठोकल्यापासून तो एकदाही तिच्यासमोर उभा राहिला नव्हता. रविवारी राहिला, हात बांधून, परीक्षकासारखा. जेवलास, जेवलो, भात. "येतां गे आये." दिवा विझला. आणि आई नेहमीसारख्या विझलेल्या पेटीला म्हणाल्या, "यो पुता. चवथीक यो."

रुद्रेशने तोंड उघडलं. समजलां म्हणेल असं वाटलं होतं. त्याने पेटीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आये, तूं हें दर खेपेक म्हणटा?"

"म्हणूंक नाका?" आई म्हणाल्या. "भुरगो येतां म्हणटा. यो म्हणूंक नाका?"

तेव्हा उलगडा झाला. भावजींनी फोन ठेवलाच नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की माझं बोलून झालं. त्यांचा कान उघडाच होता. मधे पेडण्यात बसलेल्या आमच्या विद्वानाच्या प्रोग्रॅमने एकाचं बोलणं संपलं म्हणून दोघांचं संपवलं होतं. आईंचं "यो" धारगळहून निघायचं आणि पेडण्यातच मरायचं. तिथे समुद्र एवढा अंगावर आलेला, आणि इथे आमच्या घरातला माणूसच दार लावून बसला होता. मला राग आला. हसूही आलं, पण राग जास्त आला.

दुरुस्तीला त्याला एक संध्याकाळ लागली. समजावून सांगायला मात्र आठवडा. एक टोक संपलं तर तेवढाच निरोप पलीकडे द्यायचा, पलीकडचं चालू ठेवायचं, पोचवत राहायचं, आणि दोघांचंही संपलं की मगच जोडी सोडायची. जेवताना भाताचे दोन ढीग करून त्याने हे मला दाखवलं. मी म्हटलं, हे तुझ्या आईने तुला चालायला लागलास तेव्हाच शिकवलं होतं. तो म्हणाला, "तें वेगळां." मग भाताकडे बघत बसला.

पुढच्या रविवारी "येतां गे आये" झालं, आणि दिवा विझला नाही. आई दचकल्या. मग त्यांनी हळूच, पेटीवर विश्वास नसल्यासारखं म्हटलं, "यो पुता. चवथीक यो."

दिवा तसाच. मग भावजींच्या बाजूने बटण पुन्हा दाबल्याचा आवाज आला. ती सोयही रुद्रेशने आता ठेवली होती.

"आये," ते म्हणाले, "मुदत वाढयल्या, सही करून बसलां गे."

आईंनी पदर तोंडाला लावला. मी रुद्रेशकडे बघितलं. तो जनेलाबाहेर बघत होता. ती मेल यायच्या आधी, फक्त एका रविवारी, तिथे उभा राहिला असता तर. हे मी मोठ्याने म्हटलं नाही, आणि मी गप्प बसले हे पहिल्यांदाच घडलं असेल.

चवथीला माटोळी रुद्रेशने बांधली. गणपतीच्या डोक्यावरचा तो फळाफुलांचा मांडव एका बाजूला असा झुकला की देवाने मान तिरकी केली असती. सुपारीचा घड ओघळला, तोरिंगणाचं फळ माझ्या खांद्यावर पडलं. सकाळपासून पेटीचा दिवा चालू होता आणि भावजी जहाजावरून गाठी सांगत होते: उजवी वर घे, कुमयाची फळां मधें, अरे माणसा, दोरी भिजयली काय ना? त्यांना काही दिसत नव्हतं. आमचा आरडाओरडा ऐकूनच त्यांना कळत होतं काय पडलं ते. आरती झाली. जेवणं झाली. बोलणं थांबलं, पण "येतां" कुणी म्हणेना. पेटीतून जहाजाच्या इंजिनाची घरघर येत राहिली. आई शेजारी बसून गणपतीपुढच्या फुलांच्या पाकळ्या गोळा करत होत्या.

संध्याकाळी प्रमोदचा फोन आला. सण असूनही तो ऑफिसात डोकावला होता.

"रुद्रेशा, तुज्या प्रोग्रॅमात एक जोडी सकाळसून अडकल्या. दोनूय बाजून कोण उलयना, सगळां सामसूम. तोडूं?"

रुद्रेशने पेटीकडे पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"तोडूं नाका," तो म्हणाला. "तांचां सोंपूंक ना."

पलीकडून प्रमोद आणखी काहीतरी बोलत होता, बराच वेळ. रुद्रेशने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.