दादाची बोटं

माझ्या दादाला हातमोज्यांचा राग होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही बहीणभाऊ हिमालयात निघालो, तेव्हा भाड्याने आणलेल्या सामानातले ते जाडजूड मोजे बघून तो म्हणाला, "यात हात घातला का दगड बोलत नाय गो."

आम्ही सापगावचे. जवळच्या माहुली किल्ल्याच्या सुळक्यांवर त्यानेच मला चढायला शिकवलं. आधी दगडावर बोटांनी टकटक करायची, पोकळ वाजला तर सोडायचा, भरीव वाजला तर धरायचा. वाशिंदच्या कारखान्यात तो लेथ मशीनवर होता, तिथेही माप घ्यायच्या आधी जॉबवरून, म्हणजे घडवायच्या लोखंडी तुकड्यावरून, बोट फिरवून बघायचा. भाकरी भाजली का तेसुद्धा हे चाचपूनच ठरवतात, असं वहिनी म्हणायची.

आमच्यासोबत आलेले दोघे मित्र उंची बाधून खालच्या तंबूत डोकं धरून पडले होते, म्हणून शिखराकडे आम्ही दोघंच निघालो. एकाच रोपला, म्हणजे दोराला, बांधून घेऊन भेगा चुकवत हिमनदी पार केली. मग काळ्या खडकाची एक भिंत लागली, आणि तिच्या डोक्यावरच शिखर. खडक दिसल्याबरोबर दादाचा चेहरा खुलला. बर्फावर तो पाहुण्यासारखा बिचकत चालला होता, इथे एकदम घरी आला. त्याने मोजे काढून जॅकेटात कोंबले.

"दादा, घाल ते!"

"माहुलीवर घालतो काय?"

मी खाली बसून रोप सोडत होते, तो चढत होता. वारा असा की ओरडल्याशिवाय शब्द पोचू नये. एक मोजा जॅकेटातून निसटला आणि उडत गेला, त्याने बघितलंसुद्धा नाही. त्याने एक मेख ठोकली, तिच्या कडीत रोप अडकवला, हातभर वर सरकला, दुसरी मेख ठोकली. आता कडी लावायची. ती त्याला लावता येईना. पुन्हा लावायला गेला, पुन्हा घसरली. डोळे मिटून कडी लावणारा माणूस! तो बोटांकडे असा बघत होता जणू ती दुसऱ्याची आहेत.

"काय झालं रे?"

"काय नाय. बधिर झालीत. रोप सोड, वर पोचलोच."

हिमदंशाने बोटं गेली तर लेथ गेलं, माहुली गेली, घरात दोन लहान पोरं. मी रोप आवळला.

"सोड गो!"

"नाय सोडणार. खाली ये."

जन्मात मी त्याला नाही म्हटलं नव्हतं. तो भडकला. मला घाबरट म्हणाला, पुन्हा कुठे नेणार नाही म्हणाला, इतक्या लांब येऊन हातभरावरून परत फिरायचं का म्हणून ओरडला. मलाही शिखर हवं होतं, त्याच्याइतकंच. रागाने मला रडू फुटलं, पण मूठ सुटली नाही. मी खालून ओरडले, "शिव्या दे, पण खाली येऊन दे!"

शेवटी तो पहिल्या मेखेपर्यंत उतरला. तिथून मी त्याला रोपवर तोलून हळूहळू खाली घेतलं. बोटं मेणासारखी पांढरी आणि कडक होती. मी जॅकेटची चेन उघडली आणि त्याचे दोन्ही हात माझ्या काखांत घट्ट दाबून धरले. थंडीने माझे दात वाजायला लागले.

"बोटांना काय कळतंय का?"

"नाय."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. नाय. सूर्य शिखरावरून पलीकडे कलला. तो माझ्याकडे बघतही नव्हता, वर बघत होता. मला सारखे कारखान्यातले त्याचे हात दिसत होते. मी विचारायचं बंद केलं, कारण पुन्हा नाय ऐकायची ताकद नव्हती.

मग त्याने एकदम ओठ चावला. हात ओढून घ्यायला लागला. मी सोडेना तसा मोठ्याने किंचाळला, "आग झाली गो! मेलो! लय दुखतंय!"

"दुखू दे," मी म्हणाले आणि हसत, रडत त्याचे हात आणखी घट्ट दाबले.